लॉर्डसाहेबांची तयारी

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका खेड्यात क्रिकेटचा सामना रंगला होता. मैदान लॉर्ड हॅव्हरेलसाहेबांच्या मालकीचं, आणि पंच झालेला टोबायस त्यांच्याच जागेत खानावळ चालवणारा. पहिल्याच चेंडूवर साहेबांच्या यष्ट्या उडाल्या.

"मी तयार नव्हतो!" साहेब गुरगुरले. टोबायसच्या डोळ्यांपुढे खानावळीला लागलेलं कुलूप आलं. त्याने गोलंदाजाला चेंडू पुन्हा टाकायला सांगितलं. दुसऱ्या चेंडूवरही यष्ट्या उडाल्या, आणि सबबही तीच. तिसरा चेंडू मात्र साहेबांनी झाडांपार टोलवला आणि मिशीवर ताव दिला.

टोबायसने सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात अदबीने विचारलं, "सरकार, हा टोला तयारीचा, की चुकून लागला?"

"चुकून? अरे, मैदानात पाऊल टाकल्यापासून मी तयारच आहे!"

"मग सरकार, पहिल्याच चेंडूला बाद झालात."