खुर्ची मऊ आहे का?

आमच्या कंपनीत एक नियम होता आणि तो का, हे विचारायचं नव्हतं: प्रोग्रॅममध्ये दोन अटी असतील, तर पहिली फसली तरी दुसरी तपासायचीच. मी पहिली फसताच थांबणारी ओळ लिहिली. वैशंपायन सरांनी सगळ्या सीनियर मंडळींसमोर फर्मावलं, "ओळ बदल, नाहीतर प्रोजेक्टमधून बाहेर हो!"

ते फळ्यापाशी उभे होते. मी त्यांची खुर्ची बाजूला ओढली.

"सर, दोन अटी तपासा. मागे खुर्ची आहे?"

"नाही."

"आता बसून बघा, मऊ आहे का?"

"अगं, आपटेन ना मी!"

"प्रोग्रॅमही असाच आपटतो, सर. मी ओळ बदलणार नाही."

सर उभेच राहिले. सीनियर मंडळी आपापल्या खुर्च्या घट्ट धरून बसली.