मागे जाणाऱ्याला नमस्कार

आमच्या कासारबेटावरचा रस्ता एका गाडीपुरताच आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या, की मोकळी जागा ज्याच्या मागे जवळ असेल त्याने मागे जायचे आणि दुसऱ्याने त्याला नमस्कार करायचा, ही इथली रीत.

त्या मंगळवारी माझ्या बायकोला धाप लागली होती. दवाखाना खाडीपलीकडे, आणि लाँच सुटायला बाराच मिनिटे होती. वनिताच्या रिक्षातून आम्ही जेटीकडे निघालो, तर वळणावर एका पाहुण्याची मोठी गाडी समोर ठाकली. मोकळी जागा त्याच्या मागे वीस पावलांवर होती.

काच खाली झाली. "मी माजी सभापती आहे. मी कुणासाठी मागे जात नसतो."

"मग मीच जाते, साहेब," वनिता शांतपणे म्हणाली. "फक्त रीतीप्रमाणे नमस्कार तुम्ही मला करायचा. तुम्ही गेलात, तर आम्ही तिघं तुम्हाला करू."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि गाडी मागे घेतली. धापा टाकत बायकोनेही हात जोडले. लाँच मिळाली.

आठव्या दिवशी ती बरी होऊन परतली, तेव्हा आम्ही दोघांनी वनितापुढे हात जोडले.

ती हसली. "मला कशाला, काका? मागे तर साहेब गेले होते!"