तिष्येचा न सरणारा ताणा

पूर्वी गोदेच्या काठी पोतन नगरात अश्मकराजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विणकरांच्या कुळात जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव पूर्णक. पुढे ते विणकरश्रेणीचे ज्येष्ठक, म्हणजे प्रमुख, झाले. आळीतले कापड राजवाड्यात पोचवायचे आणि आळीतली भांडणे राजवाड्यापर्यंत पोचू द्यायची नाहीत, ही त्यांची दोन कामे. दुसरे जास्त कठीण होते.

त्याच आळीत गोपक नावाचा विणकर राहत असे. माणूस सरळ, पण बोलण्यात महाकंजूष. त्याची बायको तिष्या मागावर बसली की कापडाच्या काठावर हंसांची अशी रांग उठवी की पाहणाऱ्याला वाटावे, आता ही उडतात. लोक म्हणत, गोपक ताणा घालतो आणि तिष्या त्यात जीव घालते. हे गोपकालाही मान्य होते.

एका वर्षी तिष्येच्या छातीत गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. लेप झाले, काढे झाले, डाग देऊन झाले. शेवटी म्हाताऱ्या वैद्याने गोपकाला अंगणात नेले आणि सांगितले, "हे अर्बुद आहे. मूळ खोल गेलंय. बरं करणं माझ्या हाती राहिलं नाही. दुखणं कमी करता येईल, ते मी करीन. एकमेकांशी काय बोलायचं असेल, ठरवायचं असेल, ते आताच बोलून घ्या."

गोपकाने मान हलवली, आत आला आणि तिष्येला म्हणाला, "वैद्यबुवा म्हणतात, उतार पडेल."

विणकरआळीत एक जुनी समजूत होती. मागावर ताणा, म्हणजे उभे सूत, असेपर्यंत विणकराला मरण येत नाही; यमाचा दूत आला तरी कापड उतरेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहतो. एरवी गोपक या गोष्टीला हसत असे. पण बुडत्याला काडीचा आधार. तिष्येच्या मागावर तेव्हा युवराजाच्या अभिषेकाचे वस्त्र होते आणि ते संपत आले होते. दुपारी औषधाच्या गुंगीने तिचा डोळा लागला की गोपक ताण्याच्या टोकाशी बसे, अंगठ्याला राख लावी आणि जुन्या सुताच्या एकेका टोकाला नवे सूत पिळून सांधी. ताणा लांबत गेला. वस्त्र संपेना, आणि तिष्या विणत राहिली.

आता विणकरणीपासून ताण्याचा सांधा लपवायचा म्हणजे सुगरणीपासून मीठ लपवायचे. पण घाबरलेल्या माणसाला एवढे सुचत नाही.

तिचा उजवा हात सुजला. धोटा फेकला की ती क्षणभर ओठ चावी. गोपकाला ते दिसे, त्याचे काळीज तुटे, आणि तरी दुपारी तो राखेची वाटी घेऊन बसेच. शेजारणी विचारायला आल्या की तो दारातूनच "बरी आहे ती" म्हणून त्यांची बोळवण करी. लेक उत्तरा नदीपलीकडच्या गावी दिलेली होती. तिला त्याने काही कळवलेच नाही. कळवले की ते खरे होईल, अशी त्याला भीती वाटे.

इकडे राजवाड्यातल्या वस्त्रभांडाऱ्याने त्या हंसांचा एक तुकडा पाहिला आणि पूर्णकांना बोलावून घेतले. तो म्हणाला, "या बाईकडून निघेल तेवढं कापड विणून घ्या. राणीवशालाही हवंय. मग राजवाड्याचं सगळं काम कायमचं तुमच्या आळीचं."

काम किती झाले ते पाहायला पूर्णक गोपकाच्या घरी आले. तिष्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. पूर्णकांनी विणलेल्या कापडावरून तळहात फिरवला. तो एका सांध्यावर अडला, पुढे दुसऱ्यावर अडला. मग त्यांनी गोपकाच्या अंगठ्याकडे पाहिले. नखात राख होती. गोपकाला त्यांनी परसात नेले. तिथे वाशांवर खळ दिलेले सूत वाळत होते.

"का करतोस हे?" त्यांनी विचारले.

गोपकाचा आवाज चढला. "ज्येष्ठक, तुम्हाला राजवाड्याचं काम हवंय ना? मग विणू द्या तिला. तुमचंही भलं, माझंही."

"काम मला हवंच आहे. खोटं कशाला बोलू?" पूर्णक म्हणाले. "पण तिचा हात बघ, गोपका. तो दूत उंबऱ्याबाहेर थांबला असेलही. पण त्याला थोपवायच्या नादात तू सगळ्यांनाच बाहेर बसवलंस. पोरीला, शेजाऱ्यांना, स्वतःलासुद्धा. आत ती एकटीच विणत बसलीय."

गोपकाने वाशावरचे सूत उगीच सारखे केले.

"तिला काय हवंय, ते विचारलंस कधी?"

"विचारलं तर तिला कळेल."

पूर्णक हळूच हसले. "काय कळेल? विणकरीण आहे ती."

दोघे आत आले. गोपक तिच्याजवळ बसला. तो तोंड उघडायच्या आत तिष्याच म्हणाली, "अहो, राख जरा कमी लावत जा. सूत काळं पडतंय. हंस मळके दिसतात."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच सांध्याला कळलं."

"मग विणत का राहिलीस? एवढं दुखत असताना?"

"थांबले असते तर तुमचं काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुम्ही सांधत होतात, म्हणून मी विणत होते. पण आता खरंच दमले हो."

गोपकाने तिचा सुजलेला हात मांडीवर घेतला आणि तो लहान मुलासारखा रडला. बायको नवऱ्यासाठी कळा सोसत होती आणि नवरा तिला वाचवायला त्याच कळा वाढवत होता. प्रेमही आंधळे झाले की असे उरावर बसते.

मग त्याने विचारले, "तिष्ये, तुला काय हवंय?"

तिचे सगळे ठरलेलेच होते. विचारणारा तेवढा राहिला होता. डागण्या आता पुरे झाल्या, दुखणे सोसवेल एवढेच औषध द्या. अंथरूण परसदारी हलवा, तिथून नदी दिसते. "उत्तराला बोलवा," ती म्हणाली, "मला हसता येतंय तोवर. नंतर येऊन ती माझ्या उशाशी रडत बसेल, त्याचा मला काय उपयोग? आणि तुम्ही पेज रांधायला शिका. माझ्यामागे रोज कोणाच्या दारी जाणार?"

पूर्णकांनी परत जाऊन भांडाऱ्याला सांगितले, "आपण सांगितलं होतंत तेवढंच वस्त्र मिळेल. ती बाई आता विणणार नाही." भांडारी रागावला आणि राणीवशाचे काम दुसऱ्या नगरीच्या विणकरांना गेले. आळीतले काही जण कुरकुरले. पूर्णकांनी त्यांना तिष्येकडे पाळीने बसायला पाठवले. एकदा तिच्यापाशी बसून आलेला माणूस पुन्हा कुरकुरला नाही.

घाटावरच्या रेवा परटिणीलाही तशीच गाठ होती. पूर्णकांनी तिला तिष्येकडे आणले. नवऱ्याला सांगता येत नाही असे पुष्कळ तिष्या रेवेला सांगे. एकदा त्या दोघी कशावरून तरी खदखदून हसल्या. चुलीपाशी पेज करपवत बसलेल्या गोपकाला आधी रागच आला, की मरणाच्या दारात हसू कसले येते यांना! मग त्याच्या ध्यानात आले की हे हसू आपण किती दिवसांत ऐकलेच नव्हते. तो उठून परसदारी गेला आणि त्यांच्याजवळ बसला.

उत्तरा आली. मायलेकी हसल्या, भांडल्या, पुन्हा हसल्या. मग तिष्येने माग दाखवून म्हटले, "कापड उतरवू या."

त्या दिवशी पाळीला आलेल्या पूर्णकांकडे गोपकाने पाहिले.

पूर्णक म्हणाले, "गोपका, कापड उतरवताना आपण मागाच्या फणीतलं सूत काढून टाकतो का? हातभर राखतोच ना? पुढचा विणकर आपला ताणा त्यालाच सांधतो."

गोपकाने तिष्येच्या पाठीला हात दिला. तिने सुरी घेतली आणि आपल्या हाताने कापड कापले. फणीत हातभर सूत लोंबत राहिले. उत्तराने राखेची वाटी जवळ ओढली, अंगठा बुडवला आणि पहिला धागा सांधला.

"कमी लाव ग," तिष्या म्हणाली.

थोड्याच दिवसांनी, नदीकडे तोंड करून, गोपकाच्या हातची पेज दोन घोट पिऊन ती गेली. पेज खारट झाली होती. तिने तसे सांगितलेही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीत वेणुदत्त नावाच्या गृहस्थाला सांगितली. त्याची बायको चारुमती अशाच आजाराने अंथरुणाला खिळली होती. तिच्यापासून सगळे लपवून तो मरण टाळणारा मंत्र मागायला आला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "वेणुदत्ता, तेव्हाचा गोपक तू होतास आणि तिष्या म्हणजे तुझी चारुमती. उत्तरा आजही तुमचीच लेक आहे. रेवा आता भिक्षुणीसंघात आजाऱ्यांची शुश्रूषा करते. आणि पूर्णक तो मीच."

वेणुदत्ताने मंत्र मागितला नाही. त्याने विचारले, "भगवन्, घरी जाऊन काय करू?"

"तिला काय हवंय ते विचार. आणि ती सांगेल तोवर उठू नकोस."

बोधिसत्त्वांनी पूर्णत्वाला नेलेल्या गुणांमध्ये, म्हणजे पारमितांमध्ये, या वृत्तीला मैत्री म्हणतात. वेणुदत्त त्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरी पोचला.