साळूचा ओटा

“तिला इथं बसवून वर जाणार असाल, तर माझ्या वाटेनं जाऊ नका. दुसरी वाट शोधा. सापडली तर मलाही कळवा,” असं मी त्या पुष्करला तिसऱ्यांदा सुनावलं.

“आजी, ऐकून तरी घ्या ना माझं.”

“दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदाही तेच असणार.”

पुष्कर हा शहरातल्या डोंगर मंडळाचा म्होरक्या. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरावीस माणसं घेऊन तो कुठला ना कुठला डोंगर चढतो. आमच्या मीठनाळेत, म्हणजे डोंगराच्या घळीतून चढणाऱ्या ह्या वाटेवर, तो तिसऱ्यांदा आला होता, आणि ह्या खेपेला वाट दाखवायला मी बरोबर होते. मुलगा वाईट नाही. माणसापेक्षा घड्याळाकडे जास्त बघतो, एवढंच. साडेअकरा वाजले होते, चार वाजता खालून त्यांची बस सुटणार होती, आणि माथा अजून तासाभराच्या चढावर होता. त्यात विदुला नावाची त्यांची एक नवी बाई मागं पडत होती. पंचावन्नच्या पुढची, जन्मात पहिल्यांदा डोंगरावर आलेली. तिला सावलीत बसवायचं, बाकीच्यांनी माथा गाठायचा आणि उतरताना तिला घेऊन जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

“त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय,” तो म्हणाला. “त्यांची सॅकसुद्धा मीच उतरवून ठेवली. आरामात बसतील.”

“मी बसते,” विदुला म्हणाली. “मला काही वाटत नाही. मला सवय आहे बसायची.”

ती झाडाच्या मुळावर टेकली होती. बुटांच्या नाड्या सोडलेल्या. बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे असा चेहरा. सकाळी पायथ्याशी मी केलेला चहा पिताना तिनं मला सांगितलं होतं, की सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि ही तिच्या उशाशी. दिवाळीच्या आधी म्हातारी गेली. तेव्हापासून रडू नाही, भूक नाही, बरं नाही, वाईट नाही. लेकीनं मंडळात नाव घातलं म्हणून आली. “माथ्यावर गेल्यावर तरी काही वाटतं का ते बघायचंय,” एवढंच तिनं त्या सगळ्या बोलण्यात स्वतःबद्दल मागितलं होतं. पुष्करला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. दुसऱ्याचं दुखणं मी चारचौघांत मांडत नाही.

मी म्हणाले, “पाणी प्या सगळे आणि ह्या दगडाकडे बघा. तुम्ही कुठं उभे आहात ते आधी कळू दे, मग कुणाला बसवायचं ते ठरवा.”

मीठनाळ चढून अर्ध्याच्या वर आलं की वाट एका सपाटीवर येते. तिथं वाटेच्या उजव्या अंगाला एक काळा ओटा आहे. बाईमाणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, माथा ताटासारखा सपाट. त्याला साळूचा ओटा म्हणतात. आसपास तसा दुसरा दगड नाही. मागं एकदा एक शिकलेले गृहस्थ आले होते. त्यांनी दगडावर हातोडी मारून सांगितलं, की हा आपोआप तयार झालेला आहे. मी म्हटलं, असेल. मग त्याला नेमकं इथंच तयार व्हायला काय झालं होतं? त्यांनी हातोडी पिशवीत घातली.

फार जुनी गोष्ट सांगतात. घाटात गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती तीही एका माणसापुरती. वरच्या आमच्या कुंडवाडीत हिरडा आणि मध. मीठ मात्र चिमूटभर नाही. मीठ खाली कोकणात. म्हणून चैत्रात बायका हिरड्याच्या पाट्या घेऊन नाळ उतरायच्या आणि मिठाच्या पाट्या घेऊन चढायच्या. पुरुष काय करायचे म्हणून विचारू नका. ते आख्यायिकेत नाहीत.

आता पाटीचं एक गणित असतं, ते पाठीवर सॅक घेणाऱ्यांना ठाऊक नसतं. भरलेली पाटी डोक्यावर असली की बाई ती घेऊन दोन डोंगर चालेल. पण ती एकदा जमिनीवर टेकली, की एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही. दुसरं कुणी समोर वाकून हात लावायला लागतं. म्हणून वाटेत सहसा कुणी पाटी उतरवत नसे. दम लागला तर उभ्यानंच कड्याला टेकायचं, मान ताठ ठेवून.

त्या वर्षी नऊ जणी होत्या म्हणे. पुढं ठकी. तिच्या पायाला अख्ख्या वाडीत तोड नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांत मागं तिची धाकटी जाऊ साळू. साळूच्या टाचेला भेग पडली होती आणि खडक तापला होता. तिचं एक पाऊल पडेपर्यंत पुढच्यांची चार पडायची. ह्या सपाटीवर येईस्तोवर सगळ्यांजवळचं पाणी संपलं. पाणी होतं ते वर माथ्यावरच्या टाक्यात.

ठकी म्हणाली, “साळे, तुझ्यापायी आम्हीपण वाळून जाऊ. तू बस इथं. आम्ही वर जातो आणि तुला पाणी धाडतो.”

साळू बसायला तयार नव्हती. म्हणाली, “माझी पाटी राहू दे डोक्यावर. मी टेकून उभी राहते.”

पण ठकीला तिची दया आली. सांगणारे इथं हाच शब्द वापरतात, दया. तिनं दुसऱ्या एकीला हाताशी घेतलं आणि साळूची पाटी उतरवून खाली ठेवली. म्हणाली, “कशाला उगीच मान मोडतेस? आरामात बस.” मग आठ जणी आठ पाट्या घेऊन चढून गेल्या.

त्या वर पोचल्या. एकमेकींच्या पाट्या उतरवल्या. टाक्यातलं पाणी प्यायल्या, तोंडावर मारलं, आणि सावलीला आडव्या झाल्या. एवढं ओझं डोक्यावरून उतरलं की मान हलकी होते, कान वाजतात, आणि माणूस सुन्न होऊन जातं. ज्यानं ओझं वाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. आठही जणींना साळूची आठवण होती. विसरली एकही नाही. पण पहिलीला वाटलं, दुसरी पाणी घेऊन गेली. दुसरीला वाटलं, तिसरी गेली असेल, तिचे पाय ताजे आहेत. ठकीला वाटलं, मी सांगितलंय म्हणजे कुणीतरी गेलंच. डोळे उघडून बघितलं कुणीच नाही. ऊन कललं तशा त्या उठल्या, एकमेकींना हात लावला आणि वाडीकडे निघाल्या. सातवी पाटी जिनं उचलून दिली, तिच्या स्वतःच्या पाटीला पुन्हा दोघींनी मान ताठ ठेवून, गुडघ्यात वाकून हात दिला. तेव्हाही कुणाच्या मनात आलं नाही, की खाली एक पाटी जमिनीवर आहे आणि तिला हात लावायला कुणी नाही.

खाली साळू बसली. आधी तिनं हाका मारल्या असं सांगतात. मग घसा कोरडा पडला तशी गप्प झाली. पाटी टाकून ती रांगत वर गेली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता. पण उघड्यावर मीठ दिसलं की रानातली जनावरं चाटायला येतात, आणि त्या पाटीत तीन घरांचं वर्षाचं मीठ होतं. तिनं पदर पाटीवर टाकला आणि ऊन डोक्यावर घेतलं. दुपार झाली. सांबर आलं, दूर उभं राहिलं, गेलं. तिला त्याची भीती वाटली नाही. पाय दुखायचा थांबला. तहानसुद्धा लागेनाशी झाली. वाट बघायची असते हेही हळूहळू तिच्यातून निघून गेलं. राग आला असता तर बरं झालं असतं, असं माझी आई ही गोष्ट सांगताना इथं थांबून म्हणायची.

ऊन उतरलं तशी ती उठली. का उठली ते कुणी सांगत नाही. तिनं पाटीच्या काठाला दोन्ही हात घातले. गुडघ्यापर्यंत पाटी आली आणि खाली बसली. दुसऱ्यांदा मांडीपर्यंत आली आणि खाली बसली. तिसऱ्यांदा तिनं हात घातले, तेव्हा पाटी तिच्या हातांआधी उठली. पाटीखालची जमीन वर येत होती म्हणे. आवाज नाही, धूळ नाही. जात्याच्या खुंट्याएवढी, मग चुलीएवढी, मग कमरेएवढी. साळूच्या खांद्याला लागली तशी थांबली. साळूनं कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटीखाली मान घातली आणि सरळ उभी राहिली.

इकडे वाडीत दिवे लावायची वेळ झाली. साळूची सासू उंबऱ्यात आली आणि तिनं विचारलं, “साळूला पाणी कुणी नेलं?”

आठ जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

मग त्या पळत सुटल्या. घागर कुणी घेतली आणि कुणी नाही. नाळेच्या तोंडाशी पोचल्या तर समोरून साळू येत होती. डोक्यावर पाटी, मान ताठ, पाय रक्तानं भरलेला. त्या बाजूला झाल्या. साळू मधून निघून गेली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्यात रागही नव्हता. भिंतीजवळून जावं तशी ती गेली. घराशी येऊन उभी राहिली. ठकी धावत पुढं झाली, हात वर केले. साळू एक पाऊल मागं सरली. शेवटी म्हाताऱ्या सासूनं काठी टाकून पाटी उतरवून घेतली.

सासूनं विचारलं, “तुला हात कुणी लावला गं?”

साळू म्हणाली, “डोंगरानं.”

त्यानंतर ह्या गोष्टीबद्दल ती जन्मभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी लोक बघायला आले तर सपाटीवर हा ओटा उभा, आणि त्याच्या माथ्यावर पाटीच्या बुडाएवढं मिठाचं पांढरं कडं. खालच्या गावचे लोक वेगळं सांगतात. ते म्हणतात, त्यांच्याकडच्या हमालांनी हा दगड आणून रोवला. सांगू द्या. त्यांच्यातल्या एकानं हलवून दाखवावा, मी त्याची गोष्ट सांगत फिरेन.

पुढच्या खेपेला बायका इथं आल्या तेव्हा ठकीनं आपली पाटी ओट्यावर ठेवली आणि हात मागं घेतले. म्हणाली, “साळूच्या डोक्यावर पाटी चढल्याशिवाय आणि ती पुढं झाल्याशिवाय माझ्या पाटीला कुणी शिवायचं नाही. मी माझ्या हातानं माझं ओझं इथून उचलणार नाही, मरेपर्यंत.” ती पुढं तीस वर्षं नाळ चढली आणि तीस वर्षं ह्या ओट्यापासून पुढं सगळ्यांच्या मागं चालली असं सांगतात. साळूनं तिला माफ केलं का, ते कुणी सांगत नाही. मीही सांगणार नाही. गोड शेवट लावायला आलेले पुष्कळ भेटले मला.

आजही ह्या ओट्यावरून कुणी आपलं ओझं आपण उचलत नाही. गुराखी असो, मध काढणारा असो, नवरी असो की तुमच्यासारखं मंडळ असो. आपलं ओझं ओट्यावर ठेवायचं. जो सगळ्यांत मागून आला, त्याच्या अंगावर आधी चढवायचं, आणि चढवायचं ते सगळ्यांत पुढं असणाऱ्यानं. मग मागून आलेला पुढं होतो. इथून माथ्यापर्यंत त्याच्या पायानं सगळे चालतात, त्याला कुणी ओलांडत नाही. माथ्याला पोचायला उशीर होतो. होतो तर होतो.

एवढं सांगून मी थांबले. मंडळातली माणसं ओट्याकडे बघत होती. एका पोरीनं मिठाचं कडं दिसतंय का म्हणून टाचा वर करून पाहिलं.

पुष्कर म्हणाला, “गोष्ट छान आहे आजी, खरंच. पण आम्ही चौदा जण आहोत, सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर आहे.”

“तुला धरून पंधरा आहेत. नाश्त्याची ताटं मी वाढलीत.”

“मला धरून चौदाच वर जाणार ना!”

तो हे बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. पाठीमागून कुणीतरी हसलं. “पुष्करदादा, आता काय करशील?” असं म्हणालं. त्याचे कान लाल झाले. पण हट्ट सोडायला माणसाला जागा लागते, ती त्याला मिळेना. त्यानं मनगट पाहिलं. म्हणाला, “इथून यांच्या चालीनं गेलो तर माथ्यावर पाच मिनिटंही मिळणार नाहीत. कदाचित माथा मिळणारही नाही. एकीसाठी सगळ्यांनी अर्ध्यातून परतायचं का?”

“परता,” मी म्हणाले. “डोंगर कुठं जात नाही.”

“आजी, तुमचं ठीक आहे, तुम्ही इथंच राहता. ह्यांनी सगळ्यांनी सुट्टी काढलीय.” मग तो विदुलाकडे वळला. आवाज मऊ केला. “काकू, तुम्हीच सांगा बघू यांना. तुम्ही आपणहून बसताय ना?”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती हो म्हणाली असती तर मी पुढं बोलले नसते. बसणारीच्या वतीनं भांडायला मला आवडत नाही.

विदुलानं खाली वाकून आधी एका बुटाची नाडी बांधली, मग दुसऱ्याची. तिच्या तोंडावर अजून काही नव्हतं. ना पाणी, ना हसू. झाडाला धरून ती उठली, झाडाजवळ ठेवलेली आपली सॅक दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली, ओट्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली,

“पुष्कर, ये, माझी सॅक पाठीवर दे, आणि आता माझ्या पुढं कुणी जायचं नाही.”