उजवा कौल

"पण बुवा, देव खोटं बोलतो का?"

मिहीर तोरसकरने हे मान वर करून विचारलं, कारण बुवा छपरावर होते.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात भिकाजीबुवा एकटेच राहायचे. चैत्र सरला की मठाची कौलं चाळायची आणि फुटकी बदलायची. सत्तरी उलटली तरी हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"खयचो देव?" वरून आवाज आला.

"आपला गावचाच. मी कौल लावला होता. गुरवाने देवाला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं आणि उजवीकडचं फूल पडलं. उजवा कौल म्हणजे होकार! सगळा गाव साक्षीला होता. आणि तरी मी नापास!"

मिहीरला हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं. लहानपणापासून त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. शेवटच्या मुलाखतीत त्याला नाकारलं, आणि आता वयाची अट आडवी येत होती, त्यामुळे पुन्हा जाण्याची सोय नव्हती. घरी आल्यापासून त्याने देवापुढे हात जोडले नव्हते. पुढे काय, असं आईने विचारलं की तो खोलीचं दार लावून घ्यायचा. आज तिनेच रडून-ओरडून त्याला मठात पिटाळलं होतं.

पोरगा हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला अंमळ जास्तच माहीत होतं, एवढीच काय ती खोट.

"मगे माझ्याकडसून काय होया तुका?"

"कौल पाहिजे. देवावरचा विश्वास उडाला माझा. आता पुढे काय करू, ते तुम्ही सांगा."

"कौल होया? थय रास आसा बघ. चार घे आणि वर ये."

मिहीरने अंगणातल्या कौलांच्या ढिगाकडे पाहिलं. "तो कौल नव्हे, बुवा..."

"माझ्याकडे ह्याच आसा. आकाशात जावक मेळाक नाय, निदान छपरार तरी चड!"

मिहीरला राग आला आणि हसूही आलं. रागाच्या भरात त्याने कौलं काखेत मारली आणि शिडी चढला.

बुवांनी समुद्राकडचा कोपरा दाखवला. "हयली कौला दर वर्षी उडतत. वारो दाबता म्हणान खालसून नवो वासो घातलंय, तरी उडतत."

"वारा दाबत नाही, बुवा. तो वर ओढतो."

"वारो ओढता? काय गजाली सांगतंस!"

"खरंच. छपरावरून वारा जोरात गेला की वरचा दाब कमी होतो, मग खालची हवा कौलांना वर ढकलते. विमान असंच तर उडतं."

"कळला नाय."

मिहीरने पुन्हा सांगितलं. पंखांचा आकार सांगितला, वेग सांगितला, जड जड शब्द वापरले.

"कळला नाय."

मिहीर वैतागला. बुवांच्या कनवटीला सुपारीची पुडी होती. तिचा कागद मागून घेऊन त्याने एक पट्टी फाडली, खालच्या ओठाला टेकवून धरली आणि वरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी वर उठून आडवी तरंगली.

बुवांनी वाकून पट्टीखाली पाहिलं.

"खालसून फुकलंस तू. लबाड!"

"वरूनच फुंकली. घ्या, तुम्ही फुंका."

बुवांनी फुंकली. बोळक्या तोंडातून शीळ निघाली, पण पट्टी उठली. म्हातारा असा काही हसत सुटला, की मिहीरला बुवांचं धोतर घट्ट धरून ठेवावं लागलं.

"ओढता रे! वारो ओढता!"

दर्शनाला आलेल्या बायका अंगणात जमल्या. "बुवा, पडशाल हो!" त्यांनी आरडाओरडा केला. मग बुवा कशाला हसतायत ते त्यांनाही बघायचं होतं. मिहीरने वरूनच उरलेला कागद खाली टाकला. थोड्याच वेळात सगळं अंगण फुंकर मारत होतं.

"तसं नाही काकू, ओठाच्या खाली धरा! हां, आता सोडा फुंकर!" मिहीर हातवारे करत ओरडत होता. आपण दुःखात आहोत हे तो साफ विसरून गेला होता.

त्या बायकांत हायस्कूलच्या मुख्याध्यापिका सावंतबाई होत्या. त्या शिडीपाशी आल्या.

"दहावीच्या मुलांचा सुट्टीतला वर्ग चालू आहे. विज्ञानाला शिक्षक मिळत नाही. उद्यापासून येशील?"

मिहीरचा चेहरा उतरला. "मी? बाई, मी नापास झालेला माणूस."

"विमान चालवण्यात ना? सांगितलंय तुझ्या आईने. मला ते उडतं कसं, हे सांगणारा हवाय."

जावं असं त्याला आतून वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, हात शिवशिवत होते. तरी तो जागचा हलेना. बुवांच्या शेजारी बसून हळूच म्हणाला,

"बुवा, जावंसं वाटतंय. पण एकदा देवाचं ऐकून तोंडावर आपटलोय. तो उजवा कौल कशाला दिला त्याने? तेवढं कळल्याशिवाय माझं पाऊल उचलायचं नाही."

बुवा कौल सारखं करत होते.

"गुरवान गाऱ्हाणा काय घातल्यान?"

"पोर जाऊ का म्हणतंय, एवढंच."

"खय जाऊ?"

"...ते सांगितलं नव्हतं." मिहीर कानकोंडा झाला. "सगळा गाव बसला होता. निवड झाली नाही तर हसतील. म्हटलं, आधी अधिकारी होऊ आणि मग सांगू."

"मगे देव काय म्हणालो?"

"जा म्हणाला."

बुवांनी कौल बसवलं आणि वरून एक थाप मारली. खाली सावंतबाई अजून उभ्या होत्या.

"देवान 'जा' सांगितल्यान, झिला... 'खय' ता तुझा तूच धरून बसलंस."