अनंताची अर्धी भाकरी

एका बाजारपेठेत मतं देणारा एक माणूस राहत होता. त्याचं नाव अनंता शिंत्रे. दुकान मोबाइल दुरुस्तीचं, पण गाव त्याला ओळखायचं ते मतांसाठी. कुठलाही व्हिडिओ गेम येवो, अनंता तो खेळायचा आणि आपल्या चॅनेलवर त्याला भाकऱ्या द्यायचा. पाच भाकऱ्या म्हणजे उत्तम, एक म्हणजे वेळ पाण्यात. बाकीचे लोक तारे देतात, पण अनंताचं म्हणणं असं की ताऱ्यांनी कोणाचं पोट भरलंय? त्याने दोनपेक्षा कमी भाकऱ्या दिल्या की त्या गेमकडे पेठेतलं कोणी ढुंकूनही पाहत नसे.

माणूस वाईट नव्हता. त्याच्या मतात लबाडी नसायची, कोणाच्या चहाला तो मिंधा नव्हता. एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं तेवढं त्याला जमत नसे. शहाण्या माणसांना ही खोड हटकून असते.

एके दिवशी बातमी आली की 'जोडमशाल' पुन्हा येतोय. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचा हा जुना खेळ. दोन वीर, दोन मशाली आणि एक अंधारी गुहा. दोघांनी मिळून वाट काढायची. खेळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीने तो नव्या यंत्रांसाठी सजवून काढला होता, आणि तोही महिनाभर फुकट. महिना संपला की परत मिळणार नव्हता.

बारा वर्षांचा असताना अनंता हा खेळ दस्तगीर नदाफबरोबर खेळला होता. मामाने आणलेली दोन यंत्रं, दोघांच्या मांड्या एकमेकांना टेकलेल्या. सगळी गुहा त्यांनी पार केली, फक्त शेवटचं दार राहिलं. त्या दारापाशी काहीतरी बिनसलं, दस्तगीर उठून घरी गेला तो पुन्हा खेळायला आला नाही. आता त्याचं गाद्या-उशांचं दुकान अनंताच्या अगदी समोर होतं. दोघं रोज एकमेकांना दिसायचे, 'बरं हाय का?' एवढं विचारायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. इतक्या वर्षांत मधला रस्ता कोणी ओलांडला नव्हता.

नव्या खेळात एक सोय होती. जोडीदार नसेल तर एकट्याने दोन्ही वीर आळीपाळीने चालवायचे. एकाला दहा पावलं न्यायचं, थांबवायचं, मग दुसऱ्याला आणायचं. अनंता तसाच खेळला. बिचारा घामाघूम झाला. खड्ड्यात पडलेल्या आपल्याच वीराला आपणच वर काढायचं, यात कसली मजा? शेवटच्या दारापर्यंत तो पोहोचलाही नाही. वैतागून त्याने चॅनेलवर सांगून टाकलं, "फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण हे फुकटही महाग पडलं. अर्धी भाकरी."

मग काय, पेठेत मतांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं चित्रं जुनाट आहेत, कोणी म्हणालं फुकट दिलं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच. गंमत अशी की बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी खेळ उघडलाच नव्हता आणि उरलेल्यांनी अनंतासारखाच एकट्याने खेळला होता. बघता बघता सगळ्यांनी तो काढून टाकला.

चॅनेलवर लिहिणाऱ्यांच्या त्या गर्दीत एकच ओळ वेगळी होती. 'कालवण न घेता नुसती भाकरी चावली आणि म्हणे चव नाही.' खाली नाव होतं दस्तगीर नदाफ.

अनंताला मिरची झोंबली. चारचौघांत कोणी त्याला असं कधी बोललं नव्हतं. भर दुपारी दुकान उघडं टाकून, हातात आपलं यंत्र घेऊन तो तरातरा रस्ता ओलांडून गेला.

दस्तगीर कापसाच्या ढिगात बसून गादीला टाके घालत होता. अनंताने विचारलं, लोकांसमोर लिहायची काय गरज होती, समोर दुकान आहे, येऊन बोलता आलं नसतं का? दस्तगीरने सुई गादीत टोचून ठेवली. मागच्या फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं, अनंताच्यासारखंच एक यंत्र काढलं. जुन्या बाजारातून आणलेलं, कोपरा फुटलेलं, पण काच लख्ख पुसलेली.

"खेळ आला त्याच दिशी आणलं हे," तो म्हणाला. "आठ दिस वाट बघितली. म्हटलं, अनंता हाक मारंल. तू अर्धी भाकरी दिलीस."

आपण एकटे खेळलो ते जोडीदार नव्हता म्हणून, असं अनंताने स्वतःला सांगितलं होतं. जोडीदार पंधरा पावलांवर यंत्र पुसत बसला होता. त्याला फार वाईट वाटलं.

"बस की," दस्तगीर म्हणाला. "आधी खेळ, मग भांड."

अनंता कापसात बसला. खेळ सुरू झाला आणि गुहा एकदम जिवंत झाली. एकाने मशाल धरली की दुसऱ्याला वाट दिसे, एकाने दोर धरला की दुसरा उडी मारे. वाटेत लाल माणकं पडलेली असत. ती ज्याने उचलली त्याची, हा या खेळातला खट्याळपणा. सोबत चालायचं, पण हाव सुटली की सोबत सुटते. अनंता सवयीप्रमाणे एका माणकामागे धावला आणि खड्ड्यात पडला. दस्तगीर बराच पुढे गेला होता. तो मागे फिरला. पडलेल्याला वर ओढलं की ओढणाऱ्याची निम्मी माणकं सांडतात, हा नियम त्यालाही ठाऊक होता. तरी त्याने ओढलं.

असं करत दोघं शेवटच्या दारापाशी आले. दाराच्या चौकटीत दोन शिळा. दोघांनी एकेकीवर उभं राहायचं, की दार हळूहळू वर सरकतं. तेवढ्यात मधोमध माणकांची रास कोसळते. एकाने जरी शिळा सोडली तरी दार खाली येतं आणि दुसरा त्याखाली चिरडला जातो.

आता अनंताला सगळं आठवलं. त्या दुपारी त्याने शिळा सोडली होती. सगळी माणकं उचलली होती, आणि दस्तगीरचा वीर चिरडला गेला तेव्हा पोट धरून हसला होता. वर सगळ्या आळीला सांगितलं होतं की दस्त्याला खेळता येत नाही. आयुष्यातलं त्याचं पहिलं मत ते, आणि ते त्याने कधीच मागे घेतलं नव्हतं.

रास कोसळली. लाल लाल माणकं पायाशी गडगडत आली. अनंताने अंगठा आवरून धरला. दार इंच इंच वर गेलं आणि उघडलं. पलीकडे खजिना नव्हता. उजाडलेलं आभाळ होतं आणि एक पायरी. दोन्ही वीर तिच्यावर जाऊन बसले, मशाली विझवल्या, आणि खेळ संपला.

दस्तगीरने डोळे पुसले. कापूस गेला म्हणाला.

"चूक माझी हुती दस्त्या," अनंता म्हणाला. "तवाची बी, आत्ताची बी."

खरी परीक्षा पुढेच होती. शब्द फिरवला तर उद्या आपल्या भाकरीवर कोण विश्वास ठेवील? रस्ता ओलांडून परत येईपर्यंत अनंताने हा विचार तीनदा केला. मग चॅनेल उघडलं आणि सांगितलं, "ती अर्धी भाकरी खेळाची नव्हती, माझी होती. जोडीचा खेळ मी एकट्याने खेळलो आणि त्याला नावं ठेवली. माझं मत मी परत घेतो. आज दस्तगीर नदाफबरोबर खेळलो. पाचपैकी पाच भाकऱ्या. आणि दस्तगीरला उत्तम खेळता येतं, हेही सांगायचं राहिलं होतं."

दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी पेठेत जोड्या दिसू लागल्या. पाटावर सासू-सून, बाकावर दोन शेजारी. महिना संपला, खेळ गेला. पण दुपारी मोबाइलच्या दुकानावर पाटी दिसायची, 'मालक समोर आहेत.' आणि अनंताच्या भाकरीवरचा विश्वास? तो वाढला. चुकलं तर चुकलं म्हणणारा पारखी पेठेला पहिल्यांदाच मिळाला होता.

तात्पर्य: जे दोघांनी मिळून चाखायचं, ते एकट्याने चाखून बेचव म्हणू नये, आणि चुकलेलं मत मागे घेतल्याने माणसाचा शब्द हलका होत नाही, उलट त्याला वजन येतं.