आवाज बंद ठेवलेलं प्रवचन

"अप्पा, कल्मेशमध्ये असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

शिवलिंगनं हे जीप चालवता चालवता विचारलं. शेजारी बसलेल्या वृद्ध स्वामींचे डोळे मिटत आले होते. बहुतेक म्हणूनच त्याला विचारायचा धीर झाला.

अप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"पुढं बघ, शिवलिंग."

एवढंच बोलले. मग त्यांची मान हळूहळू खांद्यावर कलली...

शिरसमाळ मठाच्या या स्वामींना सगळा भाग अप्पा म्हणत असे. अप्पांना मठात झोप लागत नसे. रात्र रात्र ते ओसरीत बसून असत. मात्र जीप सुरू झाली आणि स्टिअरिंगवर शिवलिंग असला, की दोन गावं ओलांडायच्या आत ते लेकरासारखे झोपी जात. मठातली माणसं यावरून हसायची. शिवलिंगला मात्र ते लागायचं. कल्मेश बोलायला लागला की अप्पा ताठ बसून कान देतात, आणि माझ्याशेजारी बसले की डोळे मिटतात, असं त्याच्या मनात यायचं.

शिवलिंग मठात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. अप्पांचं पाणी, अप्पांचं अंथरूण, अप्पांच्या गोळ्या, मठाची जीप, सगळं त्याच्याकडे. पोथ्या त्यानंही पाठ केल्या होत्या. अप्पांच्या मागं गादीवर कोण, असा विषय निघाला की लोक त्याच्याकडे बघायचे आणि तो मान खाली घालायचा. त्या मान खाली घालण्यातही एक सुख होतं.

मग कल्मेश आला.

शिकलेला, अंगानं सडपातळ, गळा गोड. अप्पांनी त्याला एका श्रावणात प्रवचनाला बसवलं. कुणीतरी ते फोनवर टाकलं. वर्षभरात गावोगावची माणसं मठात फोन करून विचारू लागली, "कल्मेशस्वामी येणार ना?" गेल्या शिवरात्रीला तर अप्पांनी भरसभेत अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. त्या दिवशी पंगतीत शिवलिंगला घास गिळेना. वाढणाऱ्यानं विचारलं, "भाजी तिखट झाली का, अण्णा?"

तो हो म्हणाला.

आज चिंचोलीच्या देवळावर कळस चढायचा होता. कल्मेश सकाळीच पुढं गेला होता. त्याचं प्रवचन सुरू झालं होतं आणि ते फोनवर थेट दिसत होतं. अप्पा कळसाच्या पूजेपुरते पोचणार होते.

शिवलिंगनं फोन गिअरजवळच्या खोबणीत तिरपा उभा केला होता. पडद्यावर कल्मेशचे ओठ हलत होते. खाली माणसांचे निरोप भराभरा वर सरकत होते. धन्य झालो. काय वाणी आहे. हात जोडलेली चित्रं, फुलं. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता.

शिवलिंग त्या आकड्याकडे बघायचा, मग रस्त्याकडे, मग पुन्हा आकड्याकडे. प्रत्येक वेळी तो थोडा वाढलेला असायचा.

त्याचं या फोनवर आणखी एक नाव होतं. 'सत्यवचनी'. हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या नावानं तो कल्मेशच्या प्रवचनाखाली लिहायचा. उच्चार कच्चे आहेत. अभ्यास कमी पडतो. लिहून झालं की घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा तीच आग.

डाव्या बाजूला ज्वारीची रानं होती. काढणी झालेली. रस्ता सरळ होता, मोकळा होता. अप्पा झोपले होते.

शिवलिंगनं फोन उचलला आणि स्टिअरिंगवर टेकवला. अंगठ्यानं लिहू लागला.

*अप्पांचे शब्द चोर–*

एकदा त्यानं मान वर केली. रस्त्यावर काही नव्हतं. पुन्हा खाली घातली...

मग काचेवर एकदम कडबाच कडबा झाला.

ब्रेक दाबला तोवर जीप पुढं गेली होती. अप्पांचं कपाळ समोर आपटलं. जीप वाकडी होऊन थांबली. वाळलेली पानं सावकाश खाली येत राहिली.

अप्पा आधी उतरले. मग शिवलिंग.

रस्त्याच्या कडेला एक बाई पडली होती. साठीच्या आसपासची, हिरव्या लुगड्यातली. डोक्यावरचा कडब्याचा भारा सुटून चहूकडे पसरला होता. तिचा एक पाय भलतीकडेच वळला होता. ती ओरडत नव्हती. मोठ्या कष्टानं श्वास घेत होती.

अप्पा तिच्या उशाशी मातीत बसले. अंगावरचं उपरणं काढून त्यांनी तिच्या डोक्याला बांधलं. मग मागं वळून म्हणाले, "फोन आहे ना हातात? मग रुग्णवाहिका बोलाव."

फोन खरंच अजून हातात होता.

*

तालुक्याच्या दवाखान्यात दुपार कलली. बाईची मांडी मोडली होती, डोक्याला टाके पडले होते. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. पूर्वीसारखं चालता येईल का, यावर ते काही बोलले नाहीत.

तिचं नाव सुगलाबाई. तिचा मुलगा महालिंग धावत आला. शेतातून तसाच आला होता. पायांना चिखल वाळलेला. आईला बघून तो भिंतीला टेकला. मग त्याला व्हरांड्यात अप्पा दिसले, आणि त्यानं खाली वाकून त्यांचे पाय धरले.

"आमच्या घरी तुमचा फोटू हाय, अप्पा."

अप्पांनी पाय मागं घेतले.

"उठ, बाबा. आईपाशी बस."

हवालदार कागद घेऊन आला. तोही मठाला येणाऱ्यातला. अप्पांना नमस्कार करून त्यानं शिवलिंगला खोलीच्या दाराशी, सुगलाबाईच्या खाटेजवळ घेतलं. "कसं झालं, स्वामी?"

शिवलिंगनं फोन खिशात सारला.

उत्तर महालिंगनंच दिलं. "आई आडवीच आली असंल, सायेब. कमी ऐकू येतंय तिला. तिला कितींदा सांगितलंय, भारा डोक्यावर घिऊन रस्ता वलांडू नको म्हणून." बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि चिरकला. "अप्पांच्या गाडीचा धक्का हाय. आमची काय तक्रार न्हाई."

हवालदारानं शिवलिंगकडे बघितलं. "मग तसं लिहू? बाई अचानक आडवी आली?"

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती.

शिवलिंगनं अप्पांकडे चोरून बघितलं. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. जणू हे सगळं दुसऱ्या कुणाचं चाललं होतं.

"हं," शिवलिंग पुटपुटला. "तशीच... एकदम..."

"न्हाई."

आवाज खाटेवरून आला होता. बारीक, पण स्पष्ट.

सुगलाबाईनं डोळे उघडले होते. ती मुलाकडे बघत होती, हवालदाराकडे नाही. आपण वेड्यासारखं काही केलेलं नाही, एवढंच तिला मुलाला सांगायचं होतं.

"मी थांबले होते रे. कडंला. गाडी येताना दिसली मला." ती दम खायला थांबली. "त्यानं वर बघितलं. माझ्याकडंच बघितलं. मला वाटलं, दिसले मी त्याला. आता थांबंल गाडी... म्हणून निघाले."

हवालदाराचं पेन कागदावरच थांबलं.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. तो किक मारत होता, मारत होता.

शिवलिंगला ती घटका आठवली. त्यानं मान वर केली होती. रस्ता बघितला होता. त्याच्या डोळ्यांपुढून एक हिरवं लुगडं, कडब्याचा भारा, थांबलेलं एक माणूस गेलं होतं. आणि त्याला दिसला होता तो कोपऱ्यातला आकडा.

"हवालदारसाहेब," तो म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना. "त्या खरं सांगतायत. मी फोनमध्ये बघत होतो. लिहीत होतो."

महालिंग सावकाश उभा राहिला. त्याच्या हाताच्या मुठी झाल्या. शिवलिंग तिथंच उभा राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. महालिंगनं मारलं नाही. तो आईच्या पायथ्याशी जाऊन पाठमोरा बसला आणि मग रडला.

हवालदार चाचरला. "अप्पा... मठाचं नाव येईल यात."

"जे झालं ते लिहा," अप्पा म्हणाले.

"पेपरात येईल."

"येऊ दे."

*

ठाण्यात न्यायला गाडी यायची होती. शिवलिंग आवारातल्या लिंबाखाली बसला. अप्पा काठी टेकत आले आणि त्याच्याशेजारी पारावर बसले.

त्यांनी काठी पारावर आडवी ठेवली.

"दाखव," अप्पांनी हात पुढं केला.

शिवलिंगनं फोन दिला. पडद्याला तडा गेला होता, पण चित्र दिसत होतं. चिंचोलीत कळस चढून गेला होता. त्यांच्यासाठी पूजा थोडी खोळंबली होती, मग कुणीतरी निरोप दिला असावा. कल्मेश समारोपाचं बोलत होता. त्याचे ओठ हलत होते. खाली, लिहायच्या जागी, शिवलिंगचे तीन शब्द तसेच अडकून राहिले होते.

अप्पांनी ते वाचले. पुन्हा एकदा वाचले.

"हा सत्यवचनी कोण?"

"मी, अप्पा."

अप्पांनी मान हलवली. राग दिसला नाही. रागापेक्षा ते शिवलिंगला जड गेलं.

"काय बोलतोय हा?" त्यांनी पडद्यावरच्या कल्मेशकडे बोट दाखवलं.

"माहीत नाही, अप्पा. आवाज बंद आहे."

"कधीपासून?"

शिवलिंगनं मान खाली घातली.

"पहिल्यापासून. मला त्याचा आवाज ऐकवत नाही. मी... नुसता किती लोक बघतायत ते बघतो."

अप्पांनी फोन पालथा केला आणि दोघांच्या मध्ये पारावर ठेवला.

लिंबाची वाळकी पानं पडत होती. आत कुणीतरी सुगलाबाईला पाणी पाजत होतं. महालिंगचा आवाज येत होता, "हळू पी, आई."

"अप्पा, त्या बाईंचं मी करीन. जन्मभर करीन. त्यांच्या शेतात राबेन."

"करशील. ते तुझं आणि तिचं. मला कशाला सांगतोस?"

शिवलिंगनं डोळे पुसले. सगळं सांगून झालं होतं, आता आत काही उरलं नसेल असं त्याला वाटलं होतं. पण पडद्यावरचा तो हसरा चेहरा अजून आत टोचतच होता. एवढं होऊनही. त्याला स्वतःचीच किळस आली. तरीही शब्द तोंडातून निघालेच.

"आता तर गादी त्याचीच, अप्पा. असायलाच पाहिजे. पण आधीसुद्धा... तुम्ही त्यालाच निवडलं होतं. माईक त्याच्या हातात दिला. शाल त्याला दिली. मी सोबत इतकी वर्षं... मला एकदा तरी काही दिलं असतं तर..."



ठाण्याची गाडी फाटकातून आत आली. हवालदारानं लांबूनच हात केला.

अप्पा उठले. उठताना तोल गेला म्हणून, सवयीनं, त्यांनी शिवलिंगचा खांदा धरला. मग त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उताणे केले, आणि त्या रिकाम्या तळव्यांकडे बघत राहिले...

"त्याच्या हातात माईक दिला, लेकरा," अप्पा म्हणाले. "तुझ्याशेजारी मी निवांत झोपायचो. तुझ्या हातात काय दिलं होतं?"